व्हाईट रिम: आठ सायकली, अडीचशे लिटर पाणी

व्हाईट रिमला जायचं ठरलं की गटातला प्रत्येक जण आधी सायकलीबद्दल विचारतो. हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) चालेल का, सस्पेन्शन किती हवं, टायर कुठला घेऊ. सायकल चालवण्याच्या दृष्टीने हा रस्ता मध्यम आहे. यूटा राज्यात मोआबजवळ कॅनियनलँड्स नॅशनल पार्क आहे. त्यातल्या ‘आयलंड इन द स्काय’ या पठाराला खालच्या टप्प्यावरून वळसा घालणारा हा कच्चा जीपरस्ता. १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने तो काढला. युरेनियम फारसं हाती लागलं नाही, १९६४ मध्ये पार्क झालं आणि रस्ता जीपवाल्यांच्या नि सायकलवाल्यांच्या वाट्याला आला. पूर्ण फेरी सुमारे १६० किलोमीटर, चढाई सगळी मिळून सहा हजार फुटांच्या आसपास. दमछाक होते, पण घाट चढायची सवय असलेल्याला न झेपण्यासारखं त्यात काही नाही. गट फसतात ते पाण्यावर, वाळूवर आणि माणसं मागेपुढे होण्यावर. त्यामुळे सायकलीचं नंतर बघू, आधी परमिट.

मुक्काम ठरलेल्या जागांवरच करता येतो आणि त्यासाठी आगाऊ परमिट लागतं. एका दिवसात फेरी मारणाऱ्यांनाही दिवसाचं परमिट घ्यावं लागतं. मुक्कामी गटात जास्तीत जास्त पंधरा माणसं आणि तीन गाड्या. शेफर, एअरपोर्ट, गूजबेरी, व्हाईट क्रॅक, मर्फी, कँडलस्टिक, पोटॅटो बॉटम, हार्डस्क्रॅबल, लॅबिरिंथ, टेलर अशा दहा ठिकाणी मिळून जेमतेम वीस जागा आहेत. वसंतातल्या तारखांचं बुकिंग आदल्या नोव्हेंबरात उघडतं आणि शनिवार-रविवार बघता बघता उडतात. थोडक्यात, दिवाळीचा फराळ संपेपर्यंत एप्रिलची तारीख आणि माणसांची यादी पक्की हवी. ‘बघू, कोण कोण येतंय ते’ हा आपला लाडका प्रकार इथे चालत नाही. शिवाय रोज किती अंतर कापायचं हे पायांवर ठरत नाही, कुठली जागा मिळाली त्यावर ठरतं. गूजबेरी हातची गेली आणि एअरपोर्ट मिळालं, तर दुसऱ्या दिवसाचे अठरा किलोमीटर वाढले.

हंगाम म्हणजे एप्रिल, मेचा पहिला पंधरवडा, आणि मग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जून ते ऑगस्ट पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि रस्त्याला सावली अशी नाहीच. जुलै ते सप्टेंबर दुपारच्या वादळी सरी येतात. पाऊस दूर कुठेतरी वर पडतो आणि कोरड्या ओढ्यातून लोंढा तुमच्या समोर येतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये अशाच एका वादळात फेरीच्या शेवटी वर चढणारी मिनरल बॉटमची नागमोडी वळणं वाहून गेली आणि ती पुन्हा बांधून होईपर्यंत फेरी बंद होती. मे-जूनमध्ये वेगळी भानगड असते. वरच्या डोंगरातलं बर्फ वितळून ग्रीन रिव्हर फुगते आणि लॅबिरिंथ ते मिनरल बॉटम हा नदीकाठचा पट्टा पाण्याखाली जाऊ शकतो. निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या कचेरीत रस्त्याची स्थिती विचारणं म्हणूनच सक्तीचं समजा. तीन दिवस पुढे जाऊन पाणी लागलं तर आल्या वाटेने शंभरेक किलोमीटर परत यावं लागतं.

सामान वाहणारी गाडी सोबत घेतलेल्या आठ जणांच्या गटाला चार दिवस, तीन मुक्काम हे माप बरोबर बसतं. तीन दिवसांतही होतं, पण मग सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या वाट्याला नुसती हमाली येते. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलात तर पहिल्या दिवशी शेफरची वळणं उतरून एअरपोर्ट (सुरुवातीपासून सुमारे ३० किमी; पुढचे आकडेही तसेच), दुसऱ्या दिवशी मर्फी हॉगबॅक (सुमारे ७२), तिसऱ्या दिवशी पोटॅटो बॉटम (सुमारे १०५) आणि चौथ्या दिवशी बाहेर. याच दिशेचा आग्रह धरण्याचं कारण चढात आहे. शेफरचा उतार साधारण दीड हजार फुटांचा, तर शेवटी मिनरल बॉटमचा चढ त्याहून बराच कमी. उलट दिशेने गेलात तर चार दिवसांच्या धुळीनंतर शेफर चढायचा. ज्याला हौस असेल त्याने खुशाल जावं.

आता पाणी. वाटेत पिण्याच्या पाण्याचा एकही नळ नाही. पार्कचा सल्ला माणशी रोज किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. सायकल चालवणाऱ्याला ते पुरत नाही. स्वयंपाक धरून साडेसात लिटर धरा. आठ माणसं, चार दिवस, म्हणजे २४० लिटर. शेवटच्या दिवशी दुपारीच बाहेर पडणार असलात तरी तो दिवस पूर्ण मोजायचा, कारण गाडी अडकते ती नेमकी शेवटच्या पट्ट्यात. वीस लिटरचे बारा कॅन, आणि तेरावा सील न फोडता राखीव. प्रत्येक कॅनवर मार्करने दिवस लिहा: रोज तीन. संध्याकाळी तिसरा कॅन संपत आला तर भांडी कोरडी पुसायची, उद्याचा कॅन उघडायचा नाही. एकच मोठी टाकी नेऊ नका. ती फुटली तर सगळंच गेलं. घडी होणाऱ्या मऊ पिशव्याही नकोत. गाडीच्या पत्र्यावरचा एखादा बोल्ट दिवसभर घासून त्यांना बारीक भोक पाडतो आणि संध्याकाळी गाद्या ओल्या निघाल्यावरच ते कळतं. कॅन उभे, मागच्या ॲक्सलच्या पुढे, तळाशी जुनी सतरंजी घालून रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळायचे. दर थांब्याला झाकणं हाताने तपासायची, कारण खडखडाटाने ती आपोआप सैल होतात.

हे पाणीच अडीचशे किलो भरतं. त्यावर तंबू, चार दिवसांचं अन्न, गॅस, दोन स्टेपन्या, हत्यारं आणि चालक. चार दारांच्या रँग्लरसारख्या जीपची एकूण क्षमता चारशे-साडेचारशे किलोच्या घरात असते, त्यात हा संसार बसत नाही. बसवला तर मागचं सस्पेन्शन टेकतं आणि मर्फीच्या पायऱ्यांवर बूड आपटतं. आठ जणांना मोठं फोर-व्हील पिकअप घ्या, नाहीतर दोन जीप. गाडीला लो-रेंज (सावकाश पण जास्त ताकदीने ओढणारे गिअर) असलेलं फोर-व्हील ड्राइव्ह आणि चांगला ग्राउंड क्लिअरन्स हवाच. शहरात फिरणारी ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही इथे चालत नाही. फसलेली गाडी ओढून काढायचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. भाड्याची गाडी घेताना करारात या रस्त्याला मुभा आहे का ते वाचा, आणि पूर्ण मापाची स्टेपनी, जॅक नि हवा भरायचा कॉम्प्रेसर डोळ्यांनी बघून घ्या.

नदीचं पाणी आणीबाणीपुरतंच. ग्रीन रिव्हर इतकी गाळाची आहे की फिल्टर एक-दोन लिटरमध्येच गच्च होतो. बादलीत तुरटी फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पाणी अलगद काढून घ्या आणि मग फिल्टर किंवा उकळणं. तुरटीचा खडा वजनाला काहीच नाही, डब्यात टाकून ठेवावा.

नुसतं पाणी पिऊनही माणूस आजारी पडतो, हे आपल्याकडच्या लोकांना पटवावं लागतं. इथल्या कोरड्या हवेत घाम दिसत नाही, कपड्यांवर फक्त पांढरे चट्टे उमटतात. लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ (साधारण ५७५ मिलिग्रॅम सोडियम), दोन चमचे साखर आणि लिंबू. दिवसाच्या निम्म्या पाण्यात एवढं असू द्या. कोकम आगळ वापरणार असाल तर त्यात मीठ आधीच असतं, वरचं कमी करा. कुणाची बोटं सुजल्यासारखी वाटत असतील, डोकं दुखतंय, मळमळतंय आणि तरी तो सारखं साधंच पाणी पितोय, तर त्याला आणखी पाणी देऊ नका. त्याला खारं काहीतरी खायला द्या, गाडीच्या सावलीत बसवा, आणि तो गोंधळल्यासारखा बोलायला लागला तर थेट मदत मागवा.

जेवणाचं फार मनावर घेऊ नये. दुपारी चूल पेटवायची नाही हा नियम ठेवला की अर्धा तास आणि बरंच पाणी वाचतं: मैद्याच्या टॉर्टिलात लसणाची चटणी नि चीज, शेंगदाण्याचे लाडू, खारे दाणे. रात्री मुगाची खिचडी किंवा मेतकूट-भात. थालिपीठाची भाजणी नेणारे नेतात, पण वाऱ्यात तव्यावर थापत बसणारा माणूस तिसऱ्या दिवशी दिसत नाही. लाकडाची शेकोटी चालत नाही, गॅसच न्या. मुक्कामाच्या जागी शौचालयं आहेत. मधल्या वाटेसाठी बंद होणाऱ्या पिशव्या न्यायच्या आणि त्या, बाकीच्या कचऱ्यासकट, परत आणायच्या.

सायकलीचा प्रश्न आता. पुढे १०० ते १२० मिलिमीटर सस्पेन्शनची हार्डटेल या रस्त्याला पुरते. फुल सस्पेन्शन असेल तर कंबर दुवा देईल, पण त्यासाठी नवी सायकल घ्यायची गरज नाही. टायर मात्र २.२५ ते २.४ इंची आणि ट्यूबलेसच. मोआबच्या परिसरात रस्त्याकडेला जमिनीलगत पसरलेली पिवळ्या फुलांची वेल दिसली की ओळख पटेल: तो आपलाच सराटा, गोखरू. माळावर अनवाणी पायांना जो छळतो तोच. त्याचं फळ सुकलं की पाच तुकडे होतात आणि प्रत्येकाला दोन मोठे काटे. कसाही पडला तरी एक काटा वर असतोच. साध्या ट्यूबची एका सराट्याच्या पट्ट्यात चाळण होते. ट्यूबलेसमध्ये आत भरलेलं सीलंट हे चिकट द्रव भोक बुजवतं, पण ते ओलं असेल तर. २९ इंची टायरला १०० ते १२० मिलिलिटर ताजं सीलंट निघायच्या आठवड्यातच घाला. गेल्या मोसमात भरलेलं आतापर्यंत सुकून रबराचा पापुद्रा झालेलं असतं; टायर कानाशी धरून हलवलात आणि आत डुबुक ऐकू आलं नाही, तर समजून जा. काटा दिसला म्हणून लगेच उपटायचा नाही. आधी तो भाग खाली येईल असं चाक फिरवा, मग काढा आणि हवेची फसफस थांबेपर्यंत तसंच धरा.

हवेचा दाब हा वादाचा विषय. पंचाहत्तर किलोच्या माणसाने पुढे २१-२२, मागे २४-२५ पीएसआयपासून सुरुवात करावी. सह्याद्रीत पावसाळ्यात चालवणाऱ्यांना दाब आणखी उतरवायची सवय असते, कारण तिथे ओल्या खडकावर पकड हवी असते. इथला वालुकाश्म कोरडा असताना सॅंडपेपरसारखा धरतो, पकडीची चिंता नाही. त्याच्या पायऱ्या मात्र कोरीव कडेच्या आहेत, आणि दाब कमी असला की मागची रिम त्या कडेवर आपटून वाकते. खडकात दाब थोडा जास्त, वाळूत थोडा कमी, आणि चौथ्या दिवशी सकाळी वाळूचा पट्टा येण्याआधी दोन पीएसआय सोडून द्या. छोटा डिजिटल गेज सोबत ठेवा. बोटाने दाबून सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

या रस्त्यावर सुटतात ते बोल्ट. लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास हादरे बसून ब्रेकच्या रोटरचे (चकतीचे) टी-२५ मापाचे बोल्ट, बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू, सॅडलची पकड, सगळं हळूहळू ढिलं होतं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं मल्टीटूल घेऊन फिरायचं. बाटल्यांपेक्षा पाठीवरची तीन लिटरची पिशवी बरी. बाटली उडून पडते आणि मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाते. चेनला ओलं तेल लावू नका, लाल धूळ त्यात कालवली जाऊन पॉलिश पेपर तयार होतो. कोरडं, मेणाचं लावा आणि रोज पुसून पुन्हा लावा. गटात मिळून गाडीत ठेवायचे सुटे भाग: प्रत्येक सायकलीचा स्वतःचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा; हे दुसऱ्याचे चालत नाहीत, आणि चार दिवसांत कुणाचा तरी वाकतोच), तुटलेली चेन जोडायला ११ आणि १२ स्पीडच्या क्विक लिंक, प्रत्येक मॉडेलचे ब्रेक पॅड, दोन ट्यूब, एक जादा टायर, शॉक पंप, फ्लोअर पंप. प्रत्येकाच्या अंगावर: टायरचं भोक बुजवायचे प्लग, मिनी पंप, चेन ब्रेकर, टायर लिव्हर. गाडी जवळ असेलच असं धरून निघालेला माणूस बरोबर गाडी नसताना अडकतो.

गाडी नेमकी कुठे असावी यावर गटाचं सगळं अवलंबून आहे. सकाळी सायकली पुढे निघतात, दोघे मागे राहून मुक्काम आवरतात, मग गाडी निघते. ती सगळ्यांना ओलांडून पुढे गेली की मागे राहिलेला एकटा पडतो. मोबाईलला रेंज बहुतेक रस्ताभर नाही आणि वॉकी-टॉकी कड्याच्या एका वळणापलीकडे बोलत नाही. त्यामुळे गाडी शेवटच्या सायकलीच्या मागेच. फक्त दुपारच्या जेवणाला ती पुढे काढायची, आणि तेव्हा शेवटच्या सायकलस्वाराजवळ हत्यारं, प्रथमोपचार आणि सॅटेलाइट मेसेंजर असलाच पाहिजे. शेवटचा म्हणून अनुभवी माणूस नेमा, दमलेला नव्हे. थांबे आधीच नाव घेऊन ठरवा: मसलमन आर्च, लॅथ्रॉप कॅनियनचा फाटा, गूजबेरी, व्हाईट क्रॅकचा फाटा. पुढचे तिथे पोचले की डोकी मोजल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आणि शेवटचा पोचल्यावर त्याला पाच मिनिटं द्या. पुढचे ताजेतवाने होऊन बसलेले असतात, मागचा येतो आणि ते निघतात. दिवसभर असं झालं की तो माणूस तिसऱ्या दिवशी गाडीतच बसतो. चालकाची पाळी रोज बदला, पण शेफर आणि मर्फीला गाडी सगळ्यात सरावलेल्याकडेच.

शेफर उतरताना सायकलींमध्ये निदान तीस मीटर अंतर ठेवा. धुळीत पुढचं वळण दिसत नाही, आणि खालून जीप येत असतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दोन्ही जोरात, मग सोडा. रोटरला गार व्हायला तेवढीच फुरसत. गाडी लो-रेंजच्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावरच उतरवायची.

खाली आलात की ज्या पांढऱ्या थरामुळे रस्त्याला नाव पडलं त्याच्यावरूनच चालवता. हा पर्मियन काळातला वालुकाश्म, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्याच्या खालचा लाल खडक मऊ आहे, तो झिजत जातो आणि वरची पांढरी टोपी शिल्लक राहते. मॉन्युमेंट बेसिनच्या काठावर उभं राहिलं की डोक्यावर पांढरा दगड घेतलेले लालभडक सुळके खाली दिसतात. काठाला कठडा नाही आणि दगड खालून पोकळ असू शकतो, म्हणून सायकल मागे आडवी ठेवून चालत जा. रस्त्याच्या कडेची काळपट, खडबडीत माती जिवंत आहे. शैवाल, जिवाणू, दगडफूल मिळून बनलेला तो पापुद्रा वाळूला धरून ठेवतो आणि एका टायरच्या रेघेने मोडला तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. रस्ता सोडून सायकल घालायला बंदीच आहे. फोटोसाठी दोन पावलं आत जाणारेही थांबवावे लागतात.

उंची चार ते सहा हजार फुटांत राहते, म्हणजे बराचसा रस्ता महाबळेश्वरच्याच पातळीवर. दम लागतो तो उंचीने कमी आणि मर्फी हॉगबॅकने जास्त. चढ छोटा, पण सुटे दगड आणि पायऱ्या अशा की बहुतेकांना उतरून ढकलावं लागतं. त्यात लाज नाही. पलीकडचा उतारही तितकाच वाईट आहे, सॅडल खाली करूनच सुटा.

वाळू येते ती मुख्यतः नदीकाठी, हार्डस्क्रॅबलची टेकडी उतरल्यानंतर. तिच्यात शिरण्याआधीच एक-दोन गिअर हलका करा, वजन थोडं मागे घ्या, हात सैल सोडा आणि पाय एकसारखे फिरवत राहा. हँडलने दिशा सुधारायला गेलात की पुढचं चाक रुततं. समोरच्याच्या चाकोरीत जाऊ नका, तो थांबला की तुम्हीही थांबलात. सकाळच्या गार वेळी, दव असेल तर, वाळू थोडी घट्ट असते. म्हणून पोटॅटो बॉटमहून उजाडताच निघा आणि चहा वाळू संपल्यावर घ्या. पिकअपच्या टायरची हवा इथे अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवायची आणि कॉम्प्रेसरने पुन्हा भरायची ती डांबरी रस्ता लागण्याआधी.

मिनरल बॉटमची वळणं चढून वर आलात की सपाट खडीचे वीसेक किलोमीटर उरतात, मग हायवे ३१३. वारा समोरून असेल तर हा पट्टा मर्फीपेक्षा जास्त शिव्या खातो. शक्य असेल तर एक गाडी आधीच वळणांच्या माथ्यावर लावून ठेवा आणि फेरी तिथेच संपवा. उरलेले किलोमीटर ज्यांना मोजायचेच आहेत त्यांच्याजवळ दोन-दोन लिटर पाणी देऊन त्यांना पुढे सोडा, आणि बाकीच्यांनी तोवर सायकली रॅकवर चढवून बोल्ट आवळून घ्यावेत. हायवेच्या वेगात चाक धरून ठेवणारा थ्रू-ॲक्सल सैल असला तर निसटतो.